वाजू द्या थोडं

गाडी जरा वाजायला लागली की रस्त्यात कुणीतरी शहाणा भेटतोच. "काकू, टॅपेट वाजतंय, टाइट करून घ्या." परवा पंपावरच्या माणसानं असंच सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तू पेट्रोल टाक बाबा, माझ्या गाडीच्या आवाजाचं माझं मी बघते. त्याचा तरी काय दोष, त्याला खाजा मिस्त्री कुठं माहीत होते. आता लातुरात किती जणांना माहीत असतील, कोण जाणे. त्यांचं गॅरेज होतं तिथं क्लासची उंच इमारत उभी आहे आणि खाली चष्मा लावलेली पोरं वडापाव खात वह्या चाळत असतात.

आमची खानावळ. खानावळ म्हणजे चार भिंती आणि एक चूल, बाकी सगळं डब्यात. पहिल्यांदा कॉलेजच्या थोड्या पोरांचे डबे होते. पुढं लातूरला क्लासचं पेव फुटलं. किनवटपासून देवणीपर्यंतची पोरं बारावीला इथं यायला लागली, गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं गेल्या आणि आमची जुनी व्हॅन डब्यांनी भरून पहाटेपासून फिरायला लागली. व्हॅन आमचे हे चालवायचे. गॅरेजला मात्र मीच जायची, कारण ह्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. मिस्त्री म्हणाला इंजिन बदला, की हे म्हणणार, बदला.

पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनंच. गाडी घेतल्यापासून इंजिनात टकटक टकटक वाजत होतं. मला वाटलं, विकणाऱ्यानं फसवलं. खाजा मिस्त्री स्टुलावर बसून बशीतनं चहा पीत होते. उंच, वाळका माणूस, खांद्यावर नेहमी एक फडकं, आणि ते फडकं कायम स्वच्छ, कारण हात पुसायला ते लुंगीच वापरायचे. गाडीकडं त्यांनी बघितलंच नाही. मला विचारलं, "सकाळी पहिल्यांदा कशी उठती?" म्हटलं, कोण? म्हणाले, गाडी. घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारावं तसं ते गाडीबद्दल विचारत. रात्री खोकली का, चढाला दम लागतो का, तेल किती पिते.

मग म्हणाले, गाडी इथंच सोडा, उद्या सकाळी बघतो. माझ्या अंगाचा तिळपापड. डबे कोण पोचवणार? तर म्हणाले, गरम इंजिनाच्या टॅपेटला मी हात लावत नाही, रात्रभर गार होऊ द्या. झालं, दुसऱ्या दिवशी ह्यांनी सायकलवर डबे वाटले. मी सकाळी जाऊन उभी राहिले, तर मिस्त्री वरचं झाकण काढून एक पातळ लोखंडी पट्टी टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत सरकवत होते. पट्टी जराशी अडत जायला पाहिजे, एवढीच फट ठेवायची. गाडी चालू केली. आवाज कमी झाला, पण होताच. मी म्हटलं, अजून वाजतंय की. पैसे कशाचे घेता?

"वाजू द्या थोडं," ते म्हणाले. "भाकरी तव्यावर फुगती का न्हाई? तसं लोखंड बी तापलं की वाढतं. त्याला जागा ठिवावी लागती. जागा न्हाई ठिवली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत न्हाई, आतली हवा निसटती, आन आगीनं जळून जातो. वाजनारी गाडी घरी नेती, बाई. गप गाडीचं भ्या वाटाया पाह्यजे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते हेच सांगायचे, न कंटाळता, आणि लोक मागं त्यांची नक्कलही करायचे. सलीम नावाचा एक जण त्यांच्याकडं काम शिकला, पुढं त्यांचाच जावई झाला आणि नांदेडला स्वतःचं गॅरेज टाकून बसला. तो म्हणायचा, उस्तादांनी मला निकाहच्या दिवशीही हेच सांगितलं, वाजू दे थोडं.

त्यांचा कान म्हणजे लातुरातल्या ड्रायव्हर लोकांचं कोर्ट होतं. माझं एक लाटणं एका टोकाला तडकलं होतं, ते मी फेकायला काढलं तर त्यांनी मागून घेतलं. एक टोक इंजिनावर आणि दुसरं टोक कानाला. डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, दुसरा व्हॉल्व्ह. झाकण काढलं की दुसराच निघायचा. दोन ड्रायव्हर भांडत आले, हा म्हणतोय बेअरिंग, तो म्हणतोय चेन, की मिस्त्री लाटणं लावणार आणि निकाल देणार. त्यावर अपील नाही. माझ्या लाटण्याला इतका मान माझ्याकडं कधी मिळाला नव्हता.

एकदा गाडी ओढेनाशी झाली. डबे भरले की नुसती कण्हायची. मिस्त्रींनी प्लग काढून तिथं गेज लावला, दाब बघितला, कमी निघाला. मग म्हणाले, चमचा द्या. मी डब्याच्या पिशवीतला वाढायचा चमचा दिला, तर ह्या माणसानं त्यात इंजिनचं ऑइल घेऊन प्लगच्या भोकात सोडलं. मी बघतच राहिले. पुन्हा दाब घेतला, वाढला. म्हणाले, ऑइलनं फट भरली म्हणून वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नसता वाढला तर व्हॉल्व्ह. मी म्हटलं, ते सगळं खरं, पण माझ्या चमच्याचं काय? त्यांनी तो लुंगीला पुसून परत दिला. मी तो घेतला नाही, आणि पुढं ती आमची कायमची चेष्टा झाली. गाडी ओढत नसली की ते विचारायचे, चमचा आणलाय का, बाई?

त्यानंतरच्या पावसाळ्यात टॅपेट फारच सैल झाले होते. गाडी येते आहे हे गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. बॅटरीही उतरलेली, ढकलल्याशिवाय उठायची नाही. मिस्त्री म्हणाले, आज सोडून जा, सकाळी गार असताना लावतो. म्हणून गाडी त्यांच्याकडं होती.

आणि त्याच पहाटे भूकंप झाला. गणपती बुडवून लोक नुकते कुठं झोपले होते. आमची भांडी फळीवरनं खाली आली, आम्ही सगळे रस्त्यात. उजाडता उजाडता कळायला लागलं की इथं काहीच नाही, औशाच्या पलीकडं गावंच्या गावं बसलीत. मिस्त्रींनी गॅरेजपुढं जी गाडी होती ती काढली. ती आमची होती. विचारायला आले होते, पण विचारायच्या आधीच ह्यांनी हो म्हटलं, आणि त्या एका वेळी मला ह्यांचा राग आला नाही. मी भाकऱ्या थापायला बसले आणि पुढं कित्येक दिवस थापतच होते. कोण नेतं, कोण खातं, विचारायची सोय नव्हती. त्या दिवसांचं मी जास्त बोलत नाही. लातुरात कुणीच बोलत नाही, पाहुणे विचारतात तेव्हा तेवढं.

गाडी परत आली तेव्हा आत चिखल होता, सीट फाटल्या होत्या, आणि आवाज अजिबात नव्हता. इतकी गप की चालू आहे का बंद, ते कळेना. मला बाई आनंद झाला. म्हटलं, मिस्त्री, इतके दिवस का नाही असं केलं? त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडीकडंही बघितलं नाही.

मिस्त्री बदलले, हे आम्हाला कळलं नाही असं नाही. पण त्या वर्षात कोण बदललं नव्हतं? कुणी कुणाला विचारायचं? ते चहा बशीत ओतायचे आणि तसाच ठेवायचे. लाटणं खिळ्याला लटकत राहिलं. टॅपेटला आता ती पट्टी लागत नव्हती. इंजिन चालू ठेवून, गरम असतानाच, पाना घेऊन वाकायचे आणि आवाज पुरता बंद होईस्तोवर पिळायचे. ड्रायव्हर खूश व्हायचे. काही महिन्यांनी गाड्या ओढायच्या बंद व्हायच्या. मग पुन्हा इंजिनचं हेड खोला, व्हॉल्व्ह घासा, बसवा, आणि पुन्हा मिस्त्री ते पिळून गप करणार. एकेक जण दुसरीकडं जायला लागला. भांडून नाही. खाजा मिस्त्रींशी कोण भांडणार? नुसतं यायचे थांबले. गॅरेजपुढं उभं राहायला जागा नसायची, तिथं शेळ्या बसायला लागल्या.

आम्ही जात राहिलो. आमची गाडी सकाळी उठायची नाही. थंडीच्या दिवसांत खोल्यांवरची पोरं झोपेतनं उठून ढकलायची आणि डबा उशिरा आला म्हणून त्यांचाच क्लास चुकायचा. मग त्यांच्या आयांचे फोन. एका बाईनं लोह्याहून मला विचारलं, माझं लेकरू तिथं डॉक्टर व्हायला पाठवलंय की गाडी ढकलायला? मी काय सांगणार. खानावळी दर महिन्याला नव्या निघत होत्या. आठवडाभर उशीर झाला की पोरं डबा बदलायची, आणि बदललेला डबा परत येत नाही. आमचं सगळं त्या गाडीवर होतं, आणि गाडी दिवसेंदिवस बसत चालली होती. मी थकले होते हो. पहाटे कणीक, दिवसभर तवा, आणि मध्येच ते किल्ली फिरवल्याचं कर्रकर्र.

शेवटी नांदेडला एका लग्नाला निघालो आणि लोह्याच्या अलीकडं गाडीनं जीव सोडला. ट्रॅक्टरमागं बांधून नांदेडला नेली. ओळखीचा म्हणून सलीमकडंच. सलीमनं गेज लावला, दाब जवळजवळ नाहीच. मग मीच पिशवीतनं चमचा काढून दिला. त्यानं ऑइल सोडलं, पुन्हा बघितलं, काटा हलला नाही. म्हणाला, रिंगा चांगल्या आहेत काकू, व्हॉल्व्ह गेलेत. हेड उतरवलं. व्हॉल्व्हची कड उंदरानं कुरतडल्यासारखी जळालेली. तो चिडून म्हणाला, टॅपेट कुणी लावले? जरा म्हणून जागा ठेवली नाही, कोण गाढव आहे?

मी म्हटलं, तुझे उस्ताद.

सलीमनं हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. मग म्हणाला, मला हे त्यांना सांगता येणार नाही. उस्ताद आणि वर सासरे. बायकोला कळलं तर ती रडेल. ह्यांच्याकडं बघितलं, तर हे आधीच दुसरीकडं बघत होते. म्हणजे सांगायचं कुणी, तर मी. नेहमीसारखंच.

तो जळका व्हॉल्व्ह मी रुमालात बांधून लातूरला आणला. रस्ताभर मनात भांडण जुळवत होते. माझी पोरं गेली, माझं नाव गेलं, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगायचं. गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री एकटेच. रुमाल सोडून तो व्हॉल्व्ह त्यांच्यापुढं स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, बघा.

त्यांनी हातात घेतला, कडेवरनं अंगठा फिरवला.

"माहीत हाय मला, बाई."

"काय माहीत हाय?"

"टाइट केलं की जळनारच. मीच शिकिवलंय सगळ्यांना." व्हॉल्व्ह तसाच हातात धरून ते म्हणाले, "पन वाजाया लागलं की माझा हात ऱ्हात न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, हळूहळू, मध्ये थांबत. त्या सकाळी ते एका गावात पोचले. समोर दगडमातीचा ढीग, पाऊस, आणि जखमी माणसं घालून आमची गाडी भरलेली. गाडी चालूच ठेवली होती, कारण बंद केली तर त्या चिखलात ढकलून कोण उठवणार. टॅपेट टकटक टकटक वाजत होते. तेवढ्यात ढिगावरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. म्हणाला, थांबा, कुणीतरी खालनं वाजवतंय. सगळे थांबले. आणि सगळ्यांनी मिस्त्रींकडं बघितलं, कारण त्यातल्या एका ड्रायव्हरला त्यांचा कान माहीत होता. मिस्त्रींनी ऐकलं.

"न्हाई, म्हन्लो मी. ती माझी गाडी हाय. टॅपेट वाजतंय." त्यांनी व्हॉल्व्ह स्टुलावर ठेवला. "आन लोकांनी माझं ऐकलं."

माणसं दुसऱ्या भिंतीकडं गेली. मिस्त्री जखमींना घेऊन लातूरला आले. ती माणसं दवाखान्यात पोचली, त्यातली बहुतेक वाचली. हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, पण ते त्यांना माझ्याआधीच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते भाकऱ्या घेऊन परत त्या गावात गेले, तेव्हा तो ढीग उपसला होता. खाली एक बाई होती. तिच्या हातात पितळी तांब्या होता, आणि तांब्याची कड दगडावर आपटून आपटून चेपलेली होती.

"किल्ली फिरवायची व्हती फकस्त," ते म्हणाले. "बंद करून ऐकायचं व्हतं एकदा. मागनं ढकलली असती की लोकांनी."

जुळवून आणलेलं सगळं भांडण विसरले. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले, आणि ते फडकं खांद्यावरनं काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. ते खरंच स्वच्छ होतं. जाताना मी एवढंच म्हटलं, मिस्त्री, बाकी काहीही करा, पण टॅपेटला हात लावू नका. ते म्हणाले, हाव.

त्यांनी शब्द पाळला. पण टॅपेट न लावणाऱ्या मिस्त्रीकडं लातुरात गाडी कोण नेणार? जागेवर क्लासवाल्यांचा डोळा होताच. गॅरेज गेलं आणि ते बायकोला, आमच्या भाबींना, घेऊन लेकीकडं नांदेडला राहायला गेले. भाबींनी जाताना माझ्याकडनं लोणचं नेलं. त्या म्हणाल्या, तिकडं तरी झोप लागेल का बघू. सलीमच्या गॅरेजमध्ये ते ब्रेक बघायचे, कार्ब्युरेटर साफ करायचे. टॅपेटचं काम आलं की सलीम काही बोलायचा नाही, नुसती पट्टी काढायचा. मग मिस्त्री उठून समोरच्या हॉटेलात चहाला जायचे आणि काम होईस्तोवर यायचे नाहीत. त्यात कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. रीतच पडली होती तशी.

आम्ही मात्र लातूर सोडून गाडी दुरुस्तीला नांदेडला न्यायला लागलो. लोक वेडं म्हणायचे. म्हणू देत.

शेवटचे दिसले ते तिथंच. हिवाळ्याची सकाळ होती. आम्ही आदल्या दिवशी गाडी ठेवली होती, गार व्हायला. सलीमनं टॅपेट लावले, झाकण बसवलं, ह्यांनी गाडी चालू केली. टकटक, बेताची, जशी पाहिजे तशी. मी पुढं बसणार एवढ्यात बघते तर मिस्त्री हॉटेलातनं येताना दिसले. लवकर आले होते. फार वाळले होते, चालताना एक हात भिंतीला. सलीम घाबरला, त्यानं ह्यांना हातानं खूण केली, निघा. मिस्त्री म्हणाले, थांबा.

गाडीजवळ आले. बोनेटपाशी उभे राहून ऐकत राहिले. त्यांचा उजवा हात उघडमीट होत होता, पान्यावर असतो तसा. म्हटलं, आता पाना मागणार.

"बंद करा एकदा," ते म्हणाले.

ह्यांनी किल्ली फिरवली. आवाज थांबला. मिस्त्रींनी मान खाली केली आणि डोळे मिटले. आम्ही कुणी हललो नाही. सलीमच्या हातात पट्टी तशीच. रस्त्यावरनं एक रिक्षा गेली, कुठंतरी नळाला पाणी आलं होतं ते बादलीत पडत होतं, आणि मग तेही थांबलं. मिस्त्री ऐकतच होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी डोळे उघडले.

"न्हाई कुनी," ते म्हणाले. "गाडीच हाय. लावा चालू, पोरं उपाशी ऱ्हातील."

गाडी पहिल्या झटक्यात उठली आणि वाजायला लागली. आम्ही निघालो. मी मागं वळून बघितलं तर मिस्त्री तिथंच उभे होते, हॉटेलाकडं गेले नव्हते.